सिझरनंतरचं दुखणं : कमरेतल्या इंजेक्शनचा असर उतरल्यावर काय?

रानजाई

नमस्कार मंडळी. दुसऱ्या खेपेची आहे, आठवा महिना लागलाय. पहिलं सिझर होतं आणि या वेळीही सिझरच करायचं असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ऑपरेशनची भीती नाही, त्यानंतरच्या रात्रीची आहे.

पहिल्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं, पाय जड झाले, बाळ काढताना नुसतं ओढल्यासारखं वाटलं. तिथवर सगळं छान होतं. संध्याकाळी पायांत जीव आला आणि पाठोपाठ टाक्यांची आग सुरू झाली. कूस बदलता येईना. खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी. सिस्टरना सांगितलं तर "तुमच्या इंजेक्शनची वेळ अजून झाली नाही" म्हणाल्या. सोबतच्या बायका म्हणत होत्या, बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं, तुझ्या कळा तर वाचल्या. बाळ पाळण्यात रडत होतं आणि मला उठून बसता येत नव्हतं, म्हणून त्याला वरचं दूध द्यावं लागलं. हे मला अजून सलतं.

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचं सिझर झालं. टाके घालून झाल्यावर टेबलावरच तिच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना इंजेक्शनं दिली. रात्री ती आपली आपण कुशीवर वळून बाळाला घेत होती! त्याला टॅप ब्लॉक म्हणतात असं ती सांगते. हा सगळ्यांना देतात का? मागितला तर मिळतो का? बाळाला, दुधाला काही त्रास? आणि मागायचा तर कुणाकडे, सिझर करणाऱ्या आमच्या डॉक्टर बाईंकडे की भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे? कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर सविस्तर लिहा.

पारिजातक

रानजाई, अगदी माझीच कहाणी. मलाही पुढच्या महिन्यात जायचंय. वाचतेय.

डॉ. निशिगंध

रानजाई, मी भूलतज्ज्ञ आहे, कोल्हापूर-सांगली भागात काम करतो. तुमच्यासाठी कोणतं औषध ते मी इथे ठरवणार नाही, ते तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम. पण त्यांना काय विचारायचं हे सांगू शकतो.

कमरेतलं इंजेक्शन म्हणजे स्पायनल. त्यात जड बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध असतं, साधारण २ मिली, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा औषधाने स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत बधिरता चढते, आणि ती तिथवर चढली तरच गर्भपिशवी हाताळलेली दुखत नाही. दोन-तीन तासांत हा असर उतरू लागतो. म्हणजे बाईला दुखायला साधारण कधी लागणार हे आम्हाला आधीच ठाऊक असतं. मग त्याची तयारी दुखायला लागल्यावर का करायची? स्पायनल द्यायच्या आधीच ते उतरल्यानंतरचं ठरलेलं असावं, एवढाच माझा आग्रह आहे आणि तो मी प्रत्येक ठिकाणी धरतो.

आता दुखण्याबद्दल. सिझरनंतर दोन वेगळी दुखणी एकाच वेळी चालू असतात. एक जखमेचं. ओटीपोटावर आडवी चीर असते, तिथल्या कातडीची आणि स्नायूंची संवेदना पोटाच्या भिंतीतून जाणाऱ्या नसा वाहून नेतात. हलल्यावर, खोकल्यावर कापल्यासारखं होतं ते हे. दुसरं गर्भपिशवीचं. ती आकसते तेव्हा आतून वळ येतो, बाळ छातीला लावलं की जास्त येतो, कारण दूध उतरवणारं ऑक्सिटोसिनच पिशवीलाही आकसवतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा पहिल्यापेक्षा जोरात येतात. तुम्हाला हे आधी कळलेलं बरं, म्हणून लिहितोय.

टॅप ब्लॉक पहिल्या दुखण्यावर काम करतो, दुसऱ्यावर करत नाही. पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर एकावर एक असतात. आतल्या दोन थरांच्या मधून या नसा जातात. त्या फटीत बधिर करणारं औषध सोडलं की ते पसरतं आणि नसा काही तास गप्प राहतात. २००१ साली रफी या भूलतज्ज्ञांनी कमरेच्या बाजूला, कटीच्या हाडाच्या वरच्या त्रिकोणातून ही फट गाठायची पद्धत लिहिली. सुई पडदा पार करते तेव्हा हाताला हलकासा 'टप्' जाणवतो, त्यावर अंदाज. पुढे सोनोग्राफीवर सुई बघत ब्लॉक देणं सुरू झालं. सिझरसाठी तो नावारूपाला आला २००८ सालच्या मॅकडोनेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासामुळे. ५० बायका होत्या. ब्लॉक मिळालेल्या गटाला पहिल्या ४८ तासांत सरासरी १८ मिलिग्रॅम मॉर्फिन लागलं, खोटा ब्लॉक मिळालेल्या गटाला ६६. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. मात्र त्या बायकांना स्पायनलमधून मॉर्फिन दिलेलं नव्हतं, ही गोष्ट फार महत्त्वाची. त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता थिएटरमधून बोलावणं आलंय.

कृष्णाकाठ

डॉक्टर, सवडीने एक सांगा. एवढं औषध पोटात सोडायचं म्हणजे ते दुधात उतरणारच ना? आमच्या सूनबाईंनी याच भीतीने गोळीसुद्धा घेतली नव्हती.

मुक्कामपोस्ट लीड्स

इंग्लंडमधला अनुभव लिहिते. इथे स्पायनलमध्येच बधिर करणाऱ्या औषधाबरोबर डायामॉर्फिन हे मॉर्फिनच्या कुळातलं औषध देतात, माझ्या वेळी दिलं होतं. पाय सुटले, चिमटा काढलेला कळायला लागला, तरी टाके शांत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मला फक्त पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनवर ठेवलं होतं, तेही घड्याळाच्या काट्यावर, दुखत असो वा नसो. मध्येच जास्त दुखलं तर तोंडाने मॉर्फिनचं पातळ औषध मिळतं.

त्रास झाला तो खाजेचा. नाक, गाल, मान, सगळीकडे खाज. आईला व्हिडिओ कॉलवर वाटलं गोवर आलाय. पण सहन होण्यासारखी होती आणि त्यावर औषधही दिलं. पोटात ब्लॉक वगैरे मला दिला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, स्पायनलमध्ये हे औषध असताना ब्लॉकने वेगळा फायदा फारसा होत नाही.

डॉ. निशिगंध

लीड्सताईंनी माझा अर्धा प्रतिसाद लिहून टाकला!

स्पायनलमधून अगदी थोडं मॉर्फिन, ५० ते १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग धरा, दिलं तर दुखणं जवळपास दिवसभर दबून राहतं. आणि ते जखमेचं व पिशवीचं, दोन्ही दबतं. म्हणून ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर शिफारशी करणाऱ्या युरोपातल्या प्रॉस्पेक्ट गटाच्या २०२१ साली छापून आलेल्या शिफारशींत नियोजित सिझरसाठी ते पहिल्या क्रमांकावर आहे, जोडीला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या कुळातलं औषध, शिवाय बाळ बाहेर आल्यावर डेक्सामेथासोनचा एक डोस. स्पायनलमधून मॉर्फिन दिलेलं नसेल तर मात्र जखमेत बधिर करणारं औषध भरणं किंवा टॅपसारखा ब्लॉक देणं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

आता आपल्याकडची गोष्ट. हे 'नसेल तर' आपल्याकडे बहुतेक वेळा खरं असतं. मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णालयांसाठी परवान्याचा मार्ग सोपा झाला, तरी लहान नर्सिंग होममध्ये ते नसतंच. त्यातही मणक्यात द्यायला परिरक्षक (प्रिझर्वेटिव्ह) न घातलेलं मॉर्फिन लागतं, कोणतीही कुपी चालत नाही. शिवाय मॉर्फिननंतर क्वचित, काही तासांनी, श्वास मंदावू शकतो. म्हणून रात्रभर कुणीतरी श्वास मोजणारं हवं. ज्या ठिकाणी रात्री माणूसच नाही तिथे मी ते देत नाही. आपल्याकडे स्पायनलमध्ये मॉर्फिनच्याच कुळातलं फेंटानिल घालतात, ते ऑपरेशन सुखाचं करतं पण दोन-चार तासांत संपतं. मग उरतो ब्लॉक, आणि म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो.

कृष्णाकाठ, दुधाचं : ब्लॉकमधलं बधिर करणारं औषध, बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन, दुधात अगदी नगण्य उतरतं आणि बाळाच्या पोटातून रक्तात जाणारा भाग आणखी कमी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीसुद्धा अंगावर पाजताना चालतात. जपायचं ते कोडीन आणि ट्रामाडॉलला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दूध पाजणाऱ्या आईला ही दोन औषधं देऊ नयेत असं सांगितलं, कारण काहींच्या शरीरात त्यांचं जोरदार द्रव्यात रूपांतर फार वेगाने होतं आणि बाळ गुंगीत जाऊ शकतं. आपल्याकडे ट्रामाडॉल सर्रास लिहिलं जातं. आपल्या कागदावर ते आहे का, हे विचारायला संकोच करू नका. तुमच्या सूनबाईंनी गोळी न घेता दुखणं सोसलं ते बाळासाठीच, पण दुखण्याने आई बसू शकली नाही तर त्यात बाळाचंही नुकसान होतं.

सिस्टर माई

मी मराठवाड्यात सरकारी दवाखान्यात प्रसूती वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. रानजाई बाळा, "इंजेक्शनची वेळ झाली नाही" हे वाक्य मीही ऐकलंय, माझ्यासमोर बोललं गेलंय. त्या सिस्टरची बाजू घेत नाही, पण चित्र सांगते. रात्रपाळीला एक बाई, वॉर्ड गच्च भरलेला, खाली जमिनीवर गाद्या टाकलेल्या. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, सिझर, औषधं, जेवण, गाडी सगळं मोफत झालं, बायका दवाखान्यात येऊ लागल्या. फार चांगलं झालं ते. पण बायका जितक्या वाढल्या तितके हात वाढले नाहीत. एकीला रक्तस्राव होतोय, दुसरीचं बीपी वाढलंय, तेव्हा तिसरीचं दुखणं मागे पडतं. हे चूकच आहे, पण असं घडतं.

म्हणूनच मला हा ब्लॉक आवडतो. आमच्याकडे एक तरुण भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, त्या टाके झाले की बाईला बाहेर सोडण्याआधी दोन्ही बाजूंना इंजेक्शन देत. त्यांच्या केसेस वॉर्डात आल्या की आम्हाला कळायचं. रात्री हाका कमी. सकाळी बाई धरून उठायची. सिस्टर येवो न येवो, औषध पोटात बसून आपलं काम करत असायचं. जिथे माणसं कमी तिथे तर हे पहिल्यांदा व्हायला पाहिजे, आणि होतं उलटंच, मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आधी मिळतं.

एक इशारा. ब्लॉक दिलेल्या बाईचं पोट काही तास बधिर असतं. घरची माणसं मायेने गरम पाण्याची पिशवी ठेवतात, शेक देतात. तिला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. टाक्यांजवळ शेक नाही म्हणजे नाही. आणि पहिल्यांदा उठताना कुणीतरी शेजारी पाहिजेच. औषध थोडं खाली-मागे पसरलं तर मांडीत जोर राहत नाही, बाई बसकन खाली येते. पाहिलंय मी.

पारिजातक

माई, किती नेमकं लिहिलंत. आमच्या सासूबाई शेक-शेगडी आणि पोट बांधणं या दोन्हींवर ठाम आहेत. पोट बांधलं तर चालतं का?

डॉ. अबोली

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. पोट बांधायला हरकत नाही, उलट मदतच होते. वर डॉ. निशिगंध यांनी म्हटलेल्या शिफारशींतही पोटपट्ट्याचा उल्लेख आहे, उठता-बसताना जखमेवरचा ताण कमी होतो. फक्त करकचून नको, श्वास मोकळा राहिला पाहिजे, पट्टा स्वच्छ हवा आणि टाके ओले राहता कामा नयेत. सासूबाईंना सांगा, पोट बांधण्याचा त्यांचा आग्रह आम्हाला मान्य आहे. शेगडी मात्र खोलीत नको. दारं-खिडक्या लावून कोळसे पेटवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं.

आता आम्हा सर्जन मंडळींबद्दल, कारण चर्चा सगळी भूलतज्ज्ञांवर आली आहे. दुखणं कमी करण्याचा सगळ्यात सोपा उपाय आमच्याच हातात असतो : टाके घालताना जखमेच्या थरांत बधिर करणारं औषध भरणं. सोनोग्राफी नको, वेगळी सुई नको, जादा वेळ म्हणाल तर दोन मिनिटं. असर ब्लॉकपेक्षा कमी तास टिकतो, पण स्पायनल उतरण्याचा तो पहिला कठीण काळ निभावून जातो. नुसतं कातडीखाली न भरता स्नायूंवरच्या जाड पडद्याच्या थरातही भरावं. औषध स्वस्त आहे, प्रत्येक थिएटरमध्ये असतं. तरीही अनेक ठिकाणी केलं जात नाही, केवळ सवय नाही म्हणून. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीचाही हात असतो. जोएल-कोहेन पद्धतीची सरळ आडवी चीर, स्नायू कापण्याऐवजी बोटांनी बाजूला सारणं, पोटाच्या आतला पातळ पडदा न शिवता तसाच सोडणं, यांनी नंतरचं दुखणं कमी होतं. आणि पोट उघडं असतानाच आतून टॅप ब्लॉक देण्याची पद्धतही आहे. ज्या नर्सिंग होममध्ये ब्लॉकसाठी सोनोग्राफी मशीन नाही तिथे ही फार उपयोगी.

फोंडेकर

मशीन नाही असं का होतं? आमच्या फोंड्याच्या भागात गरोदर बाईची सोनोग्राफी तर सगळीकडे होते. पत्नीच्या वेळी विचारलं तेव्हा सांगितलं, ते मशीन थिएटरमध्ये आणता येत नाही. मला ती टाळाटाळ वाटली.

डॉ. निशिगंध

टाळाटाळ नसावी. आपल्या देशात सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदवावं लागतं, मग ते नसा शोधायला वापरायचं असो की पोट बघायला. नोंदलेल्या जागेतच ते वापरायचं. माझ्यासारखा भूलतज्ज्ञ दिवसात चार-पाच दवाखाने फिरतो, पण मशीन गाडीत टाकून नेऊ शकत नाही. मुली वाचाव्यात म्हणून हा कायदा आहे आणि तो हवाच. त्याची झळ या बाजूला लागते एवढंच. म्हणून आमच्यापैकी अनेक जण हाताच्या अंदाजाने ब्लॉक देतात. त्यात यश थोडं कमी, सुई खोल जाण्याचा धोका थोडा जास्त. अबोली मॅडम म्हणतात तसं सर्जनने आतून देणं किंवा जखमेत औषध भरणं अशा ठिकाणी जास्त सुरक्षित.

एक गोष्ट मात्र प्रत्येक थिएटरमध्ये मोठ्याने बोलली गेली पाहिजे, आणि ती म्हणजे औषधाचा हिशेब. बुपिव्हाकेनची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम धरतात. ५० किलोच्या बाईला १०० मिलिग्रॅम. आता ०.२५ टक्क्याचं औषध एका बाजूला २० मिली, दुसऱ्या बाजूला २० मिली दिलं की बरोबर १०० मिलिग्रॅम होतात. मर्यादा तिथेच गाठली. त्याच बाईच्या जखमेत सर्जनने आधीच औषध भरलं असेल आणि मला सांगितलं नसेल, तर आपण मर्यादा ओलांडली. आपल्याकडच्या बायका अनेकदा ४५-५० किलोच्याच असतात, इंग्रजी पुस्तकातला डोस त्यांना तसाच लावता येत नाही. शिवाय गरोदरपणात रक्तातली औषध बांधून ठेवणारी प्रथिनं कमी असतात, मोकळं औषध जास्त फिरतं.

जास्त झालं तर काय होतं? ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात गुणगुण, मग झटके, आणि हृदयाची लय बिघडते. बुपिव्हाकेनचा हृदयावरचा हा परिणाम जगाला बाळंतिणींमुळेच कळला. अमेरिकेत एपिड्यूरलमधून, म्हणजे पाठीत घातलेल्या बारीक नळीतून, ०.७५ टक्क्याचं तीव्र बुपिव्हाकेन देताना काही जणींचं हृदय थांबलं आणि १९८४ साली ते प्रसूतीसाठी बंद झालं. आता उपाय आहे : २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं दुधासारखं द्रावण, शिरेतून. ते थिएटरमध्ये ठेवलेलं असावं. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, हिशेब सांभाळला तर हे अतिशय दुर्मीळ आहे. ब्लॉक झाल्यावर तासाभरात तोंडाला मुंग्या आल्या, कान वाजू लागले तर "बाळंतपणाचा थकवा असेल" म्हणून गप्प राहू नका, लगेच सांगा, म्हणून हे लिहिलं.

कृष्णाकाठ

धन्यवाद डॉक्टर. दुधाबद्दलचा प्रतिसाद सूनबाईला वाचून दाखवला. अजून एक घरोघरचा प्रश्न : कमरेत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते म्हणतात, ते?

डॉ. निशिगंध

सुईच्या जागी थोडे दिवस दुखरं राहू शकतं. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा स्पायनलशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. नॉर्मल बाळंत झालेल्यांचीही कंबर दुखते. गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाकून पाजणं, बाळाला उचलणं, पोटाच्या स्नायूंचा गेलेला जोर, ही कारणं. वेगळी गोष्ट म्हणजे डोकेदुखी : बसल्यावर-उठल्यावर डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं असेल तर भूलतज्ज्ञाला कळवा. बारीक, पेन्सिलीच्या टोकासारख्या सुयांमुळे ती आता बरीच कमी झाली आहे आणि झालीच तर उपचार आहे.

मोगरा_नागपूर

माझं सिझर ऐनवेळी झालं, पूर्ण भूल देऊन. शुद्धीवर आले ती दुखण्यानेच. अशा वेळी ब्लॉक देता येतो का?

डॉ. निशिगंध

येतो, आणि तिथे तर सगळ्यात जास्त उपयोग. पूर्ण भूल दिली की स्पायनलचं औषध मुळात नसतंच, जाग येते ती थेट दुखण्यात. बाई झोपेत असतानाच दोन्ही बाजूंना ब्लॉक देऊन मग जागं करता येतं. आणि कळांसाठी एपिड्यूरलची नळी आधीच घातलेली असेल, नंतर सिझर करावं लागलं, तर तीच नळी पुढेही दुखणं थांबवायला वापरता येते. घाईघाईत काढून टाकू नये.

ब्लॉकचे पुढचे प्रकारही आहेत. क्वाड्रेटस लम्बोरम नावाचा ब्लॉक आणखी मागे, पाठीच्या स्नायूजवळ देतात. २००७ साली ब्लँको यांनी तो मांडला. त्यातून पिशवीच्या दुखण्यालाही थोडा आराम पडतो असं म्हणतात, पण मी तो फक्त मशीन असलेल्या ठिकाणी देतो आणि पायात जोर आल्याची खात्री झाल्याशिवाय उठवत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भूलपूर्व तपासणीला गेले होते. माईंनी, दोन्ही डॉक्टरांनी लिहिलेलं वहीत उतरवून नेलं होतं. भूलतज्ज्ञ मॅडमना सरळ विचारलं : स्पायनल उतरल्यावर माझ्यासाठी काय ठरलंय?

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग खुर्ची ओढून बसल्या आणि नीट बोलल्या. त्यांच्याकडे मणक्यातलं मॉर्फिन नाही. मशीन थिएटरसाठी नोंदलेलं आहे, त्यामुळे टॅप ब्लॉक देतील. माझं वजन लिहून घेतलं, डोस काढला आणि सिझर करणाऱ्या आमच्या बाईंना फोन करून जखमेत वेगळं औषध भरायचं नाही हे ठरवलं. पॅरासिटामॉल आणि दुसरं वेदनाशामक वेळेवर, मागायची वाट न बघता, असं कागदावर लिहून दिलं. मला दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास आहे का हेही विचारलं, दुसऱ्या औषधासाठी ते बघावं लागतं म्हणे. पाजताना वळ येईल तेव्हा ब्लॉक फेल गेला असं समजू नका, असंही त्यांनीच सांगितलं. नवराही सोबत होता, त्यानेही वेळा लिहून घेतल्या.

पारिजातक, तूही जाऊन विचार. कुणी रागावलं नाही.

सिस्टर माई

शाब्बास. आता उठायची पद्धत घरीच शिकून ठेव. थेट उठून बसायचं नाही. आधी गुडघे दुमडायचे, मग अख्खं अंग एकदम कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडत हाताच्या कोपरावर जोर देऊन उठायचं. खोकताना, हसताना छोटी उशी टाक्यांवर दाबून धरायची. पाजताना बाळ पोटावर नको, काखेत धरून किंवा कुशीवर निजून पाज. ब्लॉक चालू आहे तोवरच हे सगळं सुरू कर, म्हणजे असर उतरेपर्यंत अंगाला वळण पडतं. आणि दुखत नाही म्हणून पहिल्या दिवशी गोळी चुकवू नकोस. ब्लॉक साधारण अर्ध्या दिवसाने ओसरतो, बऱ्याचदा मध्यरात्री, नेमकी तेव्हा पोटात गोळी नसेल तर मग पळापळ.

डॉ. अबोली

माईंच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. आणि एक जोड : ब्लॉक असताना किंवा नंतर, गोळ्या वेळेवर घेऊनही दुखणं वाढतच चाललं, पोट फुगलं, ताप आला, अंगावरून जास्त जाऊ लागलं, तर औषध वाढवून घेण्याआधी डॉक्टरांनी पोट तपासलंच पाहिजे. दुखणं दाबणं आणि दुखण्याचं कारण शोधणं, दोन्ही हवं.

अंगणवेल

जरा उशिरा आले धाग्यावर. माझ्या सिझरला वर्ष होऊन गेलं. व्रणाच्या डाव्या टोकाला अजून चमक मारते, जीन्सचं बटण लागलं तरी. मधला भाग बधिर आहे. डॉक्टर म्हणतात टाके छान भरलेत, मनाचं आहे. यावर काही होऊ शकतं का?

डॉ. निशिगंध

अंगणवेल, मनाचं नसावं. व्रणावरची कातडी बधिर राहणं बऱ्याच जणींत दिसतं, हळूहळू कमी होतं. पण एका टोकाला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी चमक मारत असेल तर पोटाच्या भिंतीतली बारीक नस व्रणात किंवा टाक्यात अडकलेली असू शकते. घरी बघा : उताणं झोपून त्या जागेवर बोट दाबा आणि मान-खांदे उचला. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या आतलं नसून भिंतीतलं असण्याची शक्यता जास्त. दुसरी शक्यता, दर पाळीला तिथेच दुखतं आणि हाताला गाठ लागते का? तसं असेल तर व्रणात गर्भपिशवीच्या अस्तराच्या पेशी रुजलेल्या असू शकतात, त्याचा उपचार वेगळा, अबोली मॅडमसारख्या डॉक्टरांकडे जा.

नस अडकलेली असेल तर त्या जागी थोडं बधिर करणारं औषध टोचून बघतात. चमक तिथल्या तिथे थांबली तर निदान पक्कं, आणि अनेकींना त्या इंजेक्शनांनीच, गरज पडली तर परत देऊन, आराम पडतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भूलशास्त्र विभागाची पेन क्लिनिकची ओपीडी आहे का ते चौकशी करा. जाताना सिझरचा डिस्चार्ज कागद आणि कुठल्या हालचालीने दुखतं याची टिपणं सोबत न्या. व्यनि (खासगी निरोप) केलात तर तुमच्या जिल्ह्याजवळ कुठे चौकशी करायची ते सांगतो.